नॉर्मल म्हणजे नेमकं कोणासारखं?

ताईचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, पण रडून झालंय हे आवाजावरून कळत होतं. भाचा तेव्हा अडीच वर्षांचा, फारसा बोलत नव्हता, म्हणजे थोडेसे शब्द होते आणि बाकी सगळं बोट दाखवून नाहीतर हात धरून ओढत नेऊन. म्हणून त्याला एका ठिकाणी तपासायला नेलेलं. तिथे एक छापील फॉर्म भरून दिला, प्रत्येक ओळीपुढे दोन चौकोन, नॉर्मल आणि नॉर्मल नाही, आणि बोलण्याच्या ओळीपुढे दुसऱ्या चौकोनात टिक. बस. किती शब्द येतात, सांगितलेलं समजतं का, कानाने नीट ऐकू येतं का, काहीही लिहिलेलं नाही. ताईने मला एवढंच विचारलं, "नॉर्मल नाही म्हणजे काय रे?" आणि मी जो शब्द दिवसातून वीस वेळा वापरतो त्याचा अर्थ मला तिला सांगता आला नाही. त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागलोय, आणि जितकं वाचत गेलो तितकं पक्कं होत गेलं की माणसांबद्दल बोलताना हा शब्द आपण वापरायचं थांबवलं पाहिजे, निदान ज्यांच्या एका टिक-खुणेवर दुसऱ्याचं आयुष्य हलतं त्या लोकांनी तरी, म्हणजे डॉक्टर, शिक्षक, तपासणारे, फॉर्म छापणारे.

आधी शब्द कुठून आला ते सांगतो, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

गवंडी आणि सुतार यांच्याकडे एक काटकोनी पट्टी असते, इंग्रजी एल अक्षरासारखी, तिला गुण्या म्हणतात. भिंतीचा कोपरा धरताना गवंडी तो गुण्या कोपऱ्यात टेकवतो, एक डोळा मिटतो आणि पट्टी आणि भिंत यांच्यामधून उजेड दिसतो का बघतो. उजेडाची बारीक रेघ दिसली की कोपरा फाकलाय, परत ठोका, परत बघा. लॅटिनमध्ये या गुण्याला नाव होतं नॉर्मा. नॉर्मालिस म्हणजे गुण्याला धरून केलेलं, काटकोनातलं. हा गुण्या बनवायची एक रीत रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलीय, तीन, चार आणि पाच मापाच्या तीन पट्ट्या टोकाला टोक जोडा की काटकोन मिळतो, आणि याचं श्रेय तो पायथागोरसला देतो. आजही पाया आखताना एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, मधलं तिरकं अंतर बरोब्बर पाच भरलं की कोपरा काटकोनात, ही तीच रीत.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तेव्हाही अर्थ काटकोनातलं, लंबरूप असाच होता, आणि तो अजून जिवंत आहे, फिजिक्स शिकलेल्या प्रत्येकाला नॉर्मल फोर्स आठवत असेल, पृष्ठभागाला काटकोनात लागणारं बल, त्यात ‘सर्वसाधारण’ वगैरे काही नाही. याच नॉर्मापासून आणखी एक शब्द झालाय, एनॉर्मस. म्हणजे गुण्याच्या बाहेर गेलेलं. आज आपण तो प्रचंड मोठं या अर्थाने वापरतो पण सुरुवातीला इंग्रजीत त्याचा अर्थ नियमाबाहेरचं, भयंकर, दुष्ट असा होता. बघा, जे गुण्यात बसत नाही ते वाईट, हा भाव त्या धातूतच आहे. भिंतीबद्दल असेल तर योग्यच आहे, वाकडी भिंत पडते.

माणसांसाठी हा शब्द वापरायला लागले ते बरंच नंतर, साधारण अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९४ साली शिक्षक तयार करायची शाळा काढायचं ठरलं तिचं नाव एकोल नॉर्माल, म्हणजे शिकवण्याचा नमुना घालून देणारी शाळा, आणि त्यावरून पुढे जगभर शिक्षकांच्या ट्रेनिंगच्या शाळांना नॉर्मल स्कूल म्हणू लागले. इथपर्यंतही ठीक होतं, नमुना म्हणजे नमुना. मग फ्रेंच डॉक्टरांनी हा शब्द शरीराला लावला, नॉर्मल अवस्था आणि रोगट अवस्था. आणि मग आला आदोल्फ केतले.

केतले बेल्जियमचा, मुळात खगोलशास्त्रज्ञ. त्या लोकांची एक जुनी अडचण होती, एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली तर दहा आकडे येतात. उपाय असा की सगळ्यांची सरासरी काढा, ती खऱ्या जागेच्या जवळ असते, आणि बाकीचे आकडे किती लांब जातात त्याचाही एक नियम असतो, मधे गर्दी आणि दोन्हीकडे उतरत जाणारी घंटेसारखी रेषा. जर्मन गणिती गाउसने १८०९ मध्ये ग्रहांच्या कक्षा काढण्याच्या कामात हे गणित मांडलं होतं. त्याला चुकांचा नियम म्हणत, कारण सरासरीपासून लांब असलेला प्रत्येक आकडा म्हणजे मोजणाऱ्याची चूक.

केतलेने हेच माणसांना लावलं. ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची आधीच छापून आलेली मापं त्याने उचलली आणि ती त्याच घंटेच्या रेषेत बसतात असं दाखवलं. शोध मोठा होता, यात वाद नाही. पण त्याने जो निष्कर्ष काढला तो मला आजही अंगावर काटा आणतो. १८३५ मध्येच त्याने ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली होती, आणि त्याच्या लेखी हा सरासरी माणूसच निसर्गाला अपेक्षित असलेला माणूस, सुंदर आणि उत्तम, आणि बाकीचे आपण सगळे त्या मूळ मापापासून चुकलेले. अहो पण तारा खरंच एका जागी असतो. मोजणारे चुकतात, तारा नाही. त्या ५,७३८ सैनिकांच्या मागे अशी कुठली एक खरी छाती होती जिच्या या सगळ्या चुकीच्या नकला होत्या? प्रत्येकाची छाती खरीच होती.

आणि इथे मला वाटतं सगळ्या गोष्टीचं मूळ आहे. गुण्या भिंतीच्या आधी येतो. शंभर जुन्या वाकड्यातिकड्या भिंतींची सरासरी काढून कुणी गुण्या बनवत नाही, काटकोन म्हणजे काय ते भूमितीने ठरवलेलं असतं आणि मग भिंत त्याला लावून बघतात. माणसांचं नॉर्मल उलट बनतं. आधी माणसं मोजायची, त्यातून सरासरी काढायची, आणि मग तीच सरासरी गुण्या म्हणून परत त्याच माणसांच्या कोपऱ्यात टेकवायची आणि उजेड दिसला की म्हणायचं तू फाकलायस. शब्द गुण्याचा असल्यामुळे त्याला गुण्याचा अधिकार आपोआप मिळतो आणि आपल्याला कळतही नाही की मधे साधन बदललंय.

त्या घंटेच्या रेषेला ‘नॉर्मल’ हे नाव रुळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, त्यात फ्रान्सिस गाल्टन आणि कार्ल पिअरसन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञांचा मोठा हात. पुढे १९२० मध्ये पिअरसनने स्वतःच लिहिलं की या नावाचा एक तोटा आहे, दुसऱ्या कुठल्याही प्रकारची मांडणी म्हणजे जणू अ‍ॅबनॉर्मल असा समज होतो. ज्याने नाव रूढ केलं त्यालाच ते टोचत होतं, फक्त वेळ निघून गेली होती. आणि हे दोघे नुसते गणिती नव्हते हेही सांगायला हवं. युजेनिक्स हा शब्दच गाल्टनने १८८३ मध्ये काढला, चांगल्या वाणाची माणसं वाढवायची आणि बाकीच्यांची संख्या रोखायची हा विचार, आणि पिअरसन त्या विषयाचा लंडनमधला पहिला प्राध्यापक. त्या विचाराचं पुढे काय झालं ते कागदोपत्री आहे. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा ८ विरुद्ध १ मतांनी वैध ठरवला, आणि त्या देशात ६० हजारांहून जास्त लोकांची अशी शस्त्रक्रिया झाली. १९३३ मध्ये जर्मनीने असाच कायदा केला, तिथे आकडा ४ लाखांच्या आसपास गेला. हे सगळं एका शब्दामुळे झालं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण हे करणाऱ्या लोकांना आपण क्रूर आहोत असं वाटत नव्हतं, त्यांना वाटत होतं आपण मोजून मापून भिंत सरळ करतोय.

आता या सरासरी माणसाला कुणी प्रत्यक्ष शोधायला गेलं तर काय होतं त्याच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली, १९४५, अमेरिकेतलं क्लीव्हलँड शहर. तिथल्या आरोग्य संग्रहालयात दोन पांढरे पुतळे होते, एक बाई एक पुरुष, नावं नॉर्मा आणि नॉर्मन. एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक शिल्पकार यांनी मिळून केलेले. नॉर्माच्या मागे सुमारे १५,००० तरुण बायकांची मापं होती, कपड्यांचे साइझ ठरवायला सरकारने घेतलेली, आणि त्यात फक्त गोऱ्या बायकांचीच मापं धरली होती, म्हणजे नॉर्मल ठरवायच्या आधीच अर्धा निवाडा झालेला. तिथल्या एका वर्तमानपत्राने स्पर्धा लावली, हुबेहूब नॉर्मासारखी बाई शोधायची. ३,८६४ बायकांनी आपली मापं पाठवली. नऊ मापांपैकी निदान पाच तरी सरासरीला धरून असलेल्या बायका चाळीसही निघाल्या नाहीत, आणि नऊच्या नऊ जुळणारी एकही नाही. त्यातल्या त्यात जवळ जाणाऱ्या बाईला बक्षीस दिलं. एवढं झाल्यावर खरं तर म्हणायला हवं होतं की हा पुतळाच कुणासारखा नाही, पण तेव्हाचे लोक म्हणाले अमेरिकन बायकांची तब्येत घसरलीय.

दुसरी गोष्ट पाचच वर्षांनंतरची, आणि तिथे मात्र लोकांनी बरोबर धडा घेतला. अमेरिकन हवाई दलात विमानांचे अपघात फार होत होते. कॉकपिट जुन्या सरासरी मापांवर बेतलेलं, म्हणून नव्याने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली, आणि गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने वेगळाच प्रश्न विचारला, यातले सरासरी वैमानिक नेमके किती? उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं त्याने घेतली आणि मधल्या ३० टक्क्यांत जो येईल तो सरासरी इतकी सैल व्याख्या ठेवली. दहाही मापांत सरासरी असलेला वैमानिक ४,०६३ पैकी एकही नव्हता. शून्य. कुणाचे हात लांब पण पाय आखूड, कुणाची छाती रुंद पण मान बारीक. म्हणजे सरासरी माणसासाठी केलेलं कॉकपिट कुणासाठीच केलेलं नव्हतं. हवाई दलाने मग माणसं बदलायचा नाद सोडला आणि सीट मागेपुढे सरकवता येईल, पेडल जवळ-लांब करता येतील असं बघायला सांगितलं. आज आपण गाडीत बसल्यावर सीट सरकवतो ना, त्याच्या मागे हाच विचार आहे.

मला हा विचार फॉर्मवर हवाय. सीट सरकवायची जागा हवी.

तुमच्या हातात रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट येतो, प्रत्येक आकड्याशेजारी कंसात एक पट्टा छापलेला असतो, आणि तुमचा आकडा बाहेर गेला तर ठळक अक्षरात किंवा पुढे चांदणी. मी एकदा दोन चांदण्या बघून रात्रभर जागा होतो. नंतर कळलं की बऱ्याच तपासण्यांत हा पट्टा ठरवतात कसा, तर निरोगी माणसं घ्यायची, त्यांची मापं घ्यायची, आणि मधले ९५ टक्के तो पट्टा. म्हणजे व्याख्येनेच शंभरातली पाच निरोगी माणसं पट्ट्याच्या बाहेर. आता एका कागदावर वीस वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या तपासण्या असतील तर ठणठणीत माणसाचीही निदान एक तरी चांदणी यायची शक्यता ६४ टक्के निघते. हिशोब सोपा आहे, ०.९५ ला स्वतःशीच वीस वेळा गुणा आणि एकातून वजा करा. हे एक वाक्य रिपोर्टच्या तळाला छापलं तर किती लोकांना झोप लागेल. चांगले डॉक्टर हे सांगतात, चांदणी बघून घाबरू नका, तुमचं आधीचं काय होतं ते दाखवा म्हणतात. माझ्या डॉक्टरांनीही तेच केलं, गेल्या वर्षीचा कागद मागितला, दोन्ही शेजारी ठेवले, तेव्हाही तेवढंच होतं. मला मापायचा गुण्या मीच होतो.

तापाचंही तसंच. ३७ अंश सेल्सियस हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिष याने १८६८ मध्ये सुमारे २५ हजार रुग्णांच्या मापांवरून दिला. १९९२ मध्ये १४८ निरोगी लोकांना नीट मोजलं तर सरासरी आली ३६.८, आणि सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. वुंडरलिष स्वतःही सांगत होता की तापमान दिवसभरात बदलतं. लोकांनी मधला एक आकडा उचलला आणि बाकीचं सोडून दिलं.

यावर कुणी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की रेषा कुठेतरी आखावीच लागते, नाहीतर औषध कधी द्यायचं कसं ठरणार. मान्य. ब्लड प्रेशर वाढलं की हृदयाला, किडनीला, मेंदूला धोका वाढतो हे खरंच आहे. पण मग तिला धोक्याची रेषा म्हणा. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी ही रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि तिथले ब्लड प्रेशरवाले प्रौढ ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले. एका रात्रीत कुणाच्या नसा आवळल्या नाहीत, रेषा सरकली. धोक्याची रेषा सरकली असं सांगितलं तर माणूस विचारतो किती धोका, काय करू. तू नॉर्मल नाहीस असं सांगितलं तर तो विचारायचंच सोडून देतो.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा. गाठीचा रिपोर्ट यायचाय, बाहेर बाकावर घरचे बसलेत, अशा वेळी डॉक्टर दार उघडून "नॉर्मल आहे" म्हणाले की जो श्वास सुटतो त्याची किंमत मला माहीत आहे, मी त्या बाकावर बसलोय. तो श्वास कुणाकडून काढून घ्यायचा नाहीये मला. पण "गाठ साधी आहे, कॅन्सर नाही" यानेही तोच श्वास सुटतो, आणि घरी फोन करून सांगायला काहीतरी हातात असतं.

खरी अडचण ही की हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, बहुतेकांचं असतं तसं, आणि असायला हवं तसं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही करार नाही. दात किडणं बहुतेकांचं होतं, ते चांगलं नाही. डावखुरी माणसं दहातली एक, त्यात बिघाड काहीच नाही, तरी पिढ्यान्पिढ्या मुलांचे डावे हात बांधून ठेवले. समलिंगी माणसांना अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आजारांच्या यादीतून काढलं ते १९७३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. तोपर्यंत कमी संख्या म्हणजे आजार असं धरून किती जणांवर विजेचे झटके देण्यापर्यंत उपचार झाले.

आणि उलटही होतं, त्याकडे लक्ष कमी जातं. ज्या गोष्टी व्हायलाच नकोत त्या पुष्कळ लोकांच्या बाबतीत झाल्या की आपण त्यांना नॉर्मल म्हणून सोडून देतो. रात्री अकराला ऑफिसचा मेसेज, नॉर्मल. नवरा चारचौघांत अपमान करतो, सगळेच करतात, नॉर्मल. पाळीत उभं राहता येत नाही इतकं दुखतं, नॉर्मल आहे गं, होतं सगळ्यांना. या शेवटच्या एका वाक्यामुळे एंडोमेट्रिओसिससारखा आजार, ज्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, कित्येक बायकांमध्ये वर्षानुवर्षं कुणी शोधतच नाही. जो शब्द वेगळ्या माणसाला बाहेर ढकलतो तोच दुखणाऱ्या माणसाला गप्प बसवतो.

आपल्या भाषेत यासाठी एक फार प्रामाणिक शब्द आहे, चारचौघांसारखं. त्यात मापणारा लपत नाही. मूल चारचौघांसारखं नाही म्हटलं की लगेच विचारता येतं, कोण चौघं? शेजारची का? कधीची? आणि चौघांसारखं नसलं तर बिघडलं काय? ‘नॉर्मल’ म्हटलं की हे चौघं गायब होतात आणि जणू निसर्गानेच निकाल दिलाय असं वाटायला लागतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की नॉर्मल म्हणायची वेळ आली की आपल्याला काय म्हणायचंय ते म्हणावं. बऱ्याच जणांना होतं. यात धोका नाही. यात धोका आहे, एवढा आहे. या वयाची बहुतेक मुलं हे करतात, हा अजून करत नाही, दोन महिने बघू. थोडे शब्द जास्त लागतात, मला माहीत आहे पेशंटची रांग लागलेली असते, तरी लागू देत.

ताई नंतर भाच्याला दुसरीकडे घेऊन गेली. तिथल्या स्पीच थेरपिस्ट बाई तासभर त्याच्याबरोबर जमिनीवर बसल्या, आणि अर्धं पान हाताने लिहून दिलं. शब्द चौदा, आणि ते चौदा कुठले त्याची यादी. दोन कामं एकत्र सांगितली तर समजतात. कानाची तपासणी केली, दोन्ही कान चांगले. एखादी वस्तू दाखवताना आईकडे वळून बघतो. घरी काय करायचं ते पाच ओळींत, आणि तीन महिन्यांनी परत या. सगळ्यात खाली लिहिलं होतं, याला डब्यांना झाकणं लावायला फार आवडतं, बरोबर झाकण शोधून काढतो, तेव्हा झाकणापासून सुरुवात करू. ताईने ते पान मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं.